जुना डोमेन कंट्रोलर बदलताना विंडोज सर्व्हर 2022 घ्यावा की 2025?

विंडोज सर्व्हर 2012 आर2 चा विस्तारित सपोर्ट 10 ऑक्टोबर 2023 ला संपला. पैसे मोजून मिळणारे सिक्युरिटी अपडेटही 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतच आहेत. 2016 ची मुदत 12 जानेवारी 2027 ला संपते. तरीही चाळीस-साठ कॉम्प्युटरच्या ऑफिसांत लॉगिन, डीएनएस (नावावरून पत्ता शोधणे), डीएचसीपी (कॉम्प्युटरना आयपी पत्ते वाटणे) आणि शेअर फोल्डर हा सगळा भार अशाच एखाद्या जुन्या डोमेन कंट्रोलरवर, म्हणजे ऑफिसच्या सगळ्या युजर-कॉम्प्युटरची ओळख तपासणाऱ्या सर्व्हरवर असतो. त्याच्या जागी काय आणावे, एवढ्याच प्रश्नासाठी इथे विंडोज सर्व्हरच्या 2022 आणि 2025 या दोन आवृत्त्या तपासल्या आहेत. फाइल सर्व्हर किंवा डेटाबेस म्हणून त्या कशा आहेत हा वेगळा विषय आहे.

निकाल आधीच सांगतो. 2012 आर2 वरून निघत असाल तर 2022 घ्या. सगळे डोमेन कंट्रोलर 2016 किंवा त्यापुढचे असतील आणि नेटवर्कवरची जुनी स्कॅनर-एनएएस (नेटवर्कवरचे साठवणीचे यंत्र) मंडळी तपासून झाली असतील, तर 2025 चा विचार करा. कारण साधे आहे. 2025 चा डोमेन कंट्रोलर जोडायला डोमेन आणि फॉरेस्ट (एक किंवा अनेक डोमेनचा समूह) या दोन्हींची फंक्शनल लेव्हल, म्हणजे कोणत्या आवृत्तीच्या सोयी वापरायच्या ती पातळी, किमान 2016 लागते, आणि 2012 आर2 चा एकही डोमेन कंट्रोलर जिवंत असेपर्यंत ती लेव्हल वर नेता येत नाही. म्हणजे थेट उडी नाहीच. आधी 2016, 2019 किंवा 2022 चा एक मधला सर्व्हर उभा करायचा, जुना उतरवायचा, लेव्हल वाढवायची आणि मग 2025 आणायचा. एका ऑफिससाठी एकच स्थलांतर दोनदा करण्यात शहाणपण नाही. 2022 ला मात्र 2008 ची लेव्हलही चालते.

ॲक्टिव्ह डिरेक्टरी (एडी), म्हणजे डोमेनमधल्या युजर-कॉम्प्युटरची नोंदवही, एवढ्यापुरते पाहिले तर 2022 मध्ये नवे जवळपास काहीच नाही. फंक्शनल लेव्हल 2016 चीच आहे, स्कीमाची (त्या नोंदवहीच्या रचनेची) आवृत्ती 2019 सारखीच 88. हा दोष वाटू शकतो, पण या कामासाठी हाच त्याचा सर्वांत मोठा गुण आहे. बहुतेक जुनी उपकरणे त्याच्याशी जशी बोलत होती तशीच बोलत राहतात. विस्तारित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2031 पर्यंत आहे. एका सर्व्हरच्या आयुष्याला तेवढा पुरतो.

2025 मध्ये खरोखर नवे आहे. स्कीमा 91 वर जातो, नवी फंक्शनल लेव्हल येते आणि डेटाबेसचे पान 8 केबीवरून 32 केबीचे करता येते. हे पान मोठे करणे ऐच्छिक आहे, त्यासाठी सगळेच डोमेन कंट्रोलर 2025 चे लागतात आणि एकदा केले की मागे फिरता येत नाही. साठ जणांच्या डोमेनला त्याचा काडीचा उपयोग नाही. खरा फरक सुरक्षेत जाणवतो. एलडॅप (एडीला माहिती विचारण्याची पद्धत) साइनिंगचा, म्हणजे विनंतीवर डिजिटल सही असण्याचा, आग्रह सुरुवातीपासूनच कडक आहे आणि आरसी4 या जुन्या एन्क्रिप्शन पद्धतीचे केरबेरॉस (डोमेनची लॉगिन पद्धत) तिकीट-ग्रँटिंग-तिकीट दिलेच जात नाही. योग्यच आहे, आरसी4 केव्हाच मोडीत काढायला हवे होते. पण दहा वर्षांपूर्वीचे फोटोकॉपी मशीन ॲड्रेस बुकसाठी साध्या एलडॅपने 389 पोर्टवर पासवर्ड पाठवत असेल, किंवा जुन्या फर्मवेअरच्या एनएएसला एईएस हे नवे एन्क्रिप्शन येत नसेल, तर ती यंत्रे सोमवारी सकाळी बंद पडलेली दिसतील.

सुरुवातीचे महिनेही 2025 ला सुखाचे गेले नाहीत. रिस्टार्टनंतर डोमेन कंट्रोलरचे फायरवॉल डोमेन प्रोफाइलऐवजी पब्लिक प्रोफाइलवर जात होते. सर्व्हर चालू दिसायचा, पण लॉगिन आणि रेप्लिकेशन (कंट्रोलरांमधली नोंदींची देवाणघेवाण) अडायचे. नेटवर्क ॲडॅप्टर बंद करून पुन्हा सुरू करणे हा तात्पुरता उपाय होता आणि दुरुस्ती जून 2025 च्या अपडेटमध्ये आली. दुसरी बाब जास्त गंभीर होती. डेलिगेटेड मॅनेज्ड सर्व्हिस अकाउंट या नव्या सोयीतली बॅडसक्सेसर नावाची फट मे 2025 मध्ये उघड झाली. डोमेनमध्ये 2025 चा एक जरी कंट्रोलर असला तरी, एखाद्या ओयूत (एडीतल्या विभागात) नवी ऑब्जेक्ट तयार करण्याचा साधा अधिकार असलेल्या माणसाला तिच्या आधारे डोमेन ॲडमिनपर्यंत चढता येत होते. ऑगस्ट 2025 च्या अपडेटमध्ये ती बुजवली. त्यामुळे 2025 बसवायचा असेल तर ताज्या अपडेटसह, प्रमोट करण्याआधी (म्हणजे त्याला डोमेन कंट्रोलर बनवण्याआधी). जुन्या आयएसओवरून (इन्स्टॉलेशनच्या फाइलवरून) बसवून थेट प्रमोट करू नका.

खरेदीची गोष्ट थोडक्यात. स्टँडर्ड आवृत्तीचे लायसन्स किमान 16 कोअरचे घ्यावे लागते आणि त्यात दोन व्हर्च्युअल मशीन चालतात. एकावर फक्त डोमेन कंट्रोलर आणि दुसऱ्यावर टॅली, शेअर फोल्डर वगैरे, ही मांडणी आम्हाला सगळ्यात भावते. आज 2025 चे लायसन्स घेऊन डाउनग्रेड हक्काने 2022 बसवता येते आणि 2025 चे कॅल (सर्व्हर वापरणाऱ्यांसाठीची लायसन्स) जुन्या आवृत्त्यांनाही चालतात. उलट चालत नाही, 2022 चे कॅल 2025 ला पुरत नाहीत. म्हणून बिलावर 2025 आणि मशीनवर 2022, हा सौदा चांगला.

180 दिवसांच्या इव्हॅल्युएशन आयएसओपासून मात्र लांब राहा. साध्या सर्व्हरवर की टाकून ती आवृत्ती पक्की करता येते, पण एकदा तो डोमेन कंट्रोलर झाला की हे रूपांतर होत नाही. तो डिमोट करावा, म्हणजे कंट्रोलरपदावरून उतरवावा लागतो आणि स्थलांतर पुन्हा पहिल्यापासून. घाईत डाउनलोड केलेल्या फाइलमुळे ही चूक सर्रास होते.

हार्डवेअरला फार काही लागत नाही. एवढ्या डोमेनचा डेटाबेस छोटाच असतो. डोमेन कंट्रोलरच्या व्हीएमला 2 ते 4 कोअर, 8 जीबी रॅम, 100 जीबी डिस्क आणि खाली दोन एसएसडीचे रेड 1 (एकीची प्रत दुसरीवर) पुरेसे आहे. एक लक्षात ठेवा, एडीचा डेटाबेस ज्या डिस्कवर असतो तिचे राइट कॅशिंग विंडोज स्वतःहून बंद करते. त्याच डिस्कवर टॅलीचा डेटा ठेवला की तो रडतखडत चालतो आणि दोष नव्या सर्व्हरला दिला जातो.

आधी जुन्याची तब्येत

स्थलांतर फसते ते बहुधा जुन्या सर्व्हरमुळे. नव्याचा खोका उघडण्याआधी जुन्यावर डीसीडायग (कंट्रोलरची तब्येत तपासणारी कमांड) आणि रेपॲडमिनचा (रेप्लिकेशन तपासणारी कमांड) सारांश चालवा, आणि नेटडॉम कमांडने पाचही फिजमो रोल, म्हणजे एका वेळी एकाच कंट्रोलरकडे असणारी खास कामे, कुठे आहेत ते पाहा. विंडोज सर्व्हर बॅकअपने सिस्टिम स्टेटचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घ्या. डीएसआरएम (एडी दुरुस्त करण्याचा स्टार्टअप मोड) पासवर्ड कुणाला ठाऊक नसेल तर आत्ताच बदला, त्याशिवाय तो बॅकअप कामाचा नाही.

मग सिसव्हॉल, म्हणजे पॉलिसी आणि लॉगिन स्क्रिप्ट ठेवणारे शेअर फोल्डर. 2003 किंवा 2008 पासून चालत आलेल्या डोमेनमध्ये सिसव्हॉल अजून एफआरएस या त्याची प्रत पोचवणाऱ्या जुन्या सेवेवर असू शकतो. 2019 पासून पुढच्या आवृत्त्या एफआरएस ओळखतच नाहीत आणि प्रमोशन तिथेच थांबते. सिसव्हॉल नव्या डीएफएसआर सेवेवर नेणाऱ्या डीएफएसआरमिग कमांडने सद्यस्थिती विचारा. उत्तर 'एलिमिनेटेड' आले तर ठीक. नाहीतर 1, 2, 3 अशा पायऱ्या एकेक करत चढायच्या आणि प्रत्येक पायरी सगळ्या कंट्रोलरांवर पोचल्याची खात्री झाल्यावरच पुढची घ्यायची. तिसऱ्या पायरीनंतर परतीची वाट नाही.

एफआरएस नसला तरी धोका संपत नाही. सर्वांत चिवट अडचण येते ती एकट्याच डोमेन कंट्रोलरवर. त्याचे डीएफएसआर कधीतरी लाइट जाऊन अर्धवट बंद पडलेले असते, त्याचा 2213 हा इव्हेंट नोंदला जातो आणि कुणी पाहत नाही. एकच सर्व्हर असल्याने रेप्लिकेशन थांबल्याचे जाणवत नाही. 60 दिवस उलटले की डीएफएसआर ते फोल्डर शिळे धरते आणि 4012 इव्हेंट देते. अशा सर्व्हरशेजारी नवा प्रमोट केला की विझार्ड विनातक्रार संपतो, युजर दिसतात, डीएनएस दिसतो, पण नव्यावर सिसव्हॉल आणि नेटलॉगॉन हे शेअर उगवतच नाहीत. तो जुन्याकडून पहिली प्रत मिळण्याची वाट पाहत राहतो आणि जुना काही देत नाही. याच अवस्थेत रोल हलवून जुना बंद केला, तर डोमेनला एकही खरा कंट्रोलर उरत नाही.

इलाज जुन्या सर्व्हरवर, प्रमोशनच्या आधी करायचा. सिसव्हॉलच्या पॉलिसी आणि स्क्रिप्टस् फोल्डरांची प्रत बाजूला काढा. एडीएसआय एडिट या एडीच्या नोंदी बदलण्याच्या साधनामध्ये डोमेन कंट्रोलर्स ओयूखाली त्या सर्व्हरच्या डीएफएसआर-लोकलसेटिंग्जमध्ये सिसव्हॉल सबस्क्रिप्शन शोधा. एमएसडीएफएसआर-इनेबल्ड फॉल्स करा आणि एमएसडीएफएसआर-ऑप्शन्स 1 करा. डीएफएसआरडायग कमांडने डीएफएसआरला एडीकडे पुन्हा विचारायला लावा, 4114 इव्हेंट येईल. आता इनेबल्ड परत ट्रू करा आणि पुन्हा विचारायला लावा. 4602 आला म्हणजे जुन्याने 'माझी प्रत अधिकृत' असे मान्य केले. इथवर आल्याशिवाय नव्याला हात लावू नका.

नव्याचे प्रमोशन

नाव आणि आयपी आधी पक्के करा. प्रमोशननंतर नाव बदलता येते, पण तो उद्योग टाळावा. अपडेट टाका, लायसन्स ॲक्टिव्हेट करा. नेटवर्क कार्डावर डीएनएस म्हणून फक्त जुन्या कंट्रोलरचा आयपी द्या. राउटरचा किंवा 8.8.8.8 चा दुसरा पत्ता 'असू दे' म्हणून ठेवला की डोमेन कधी सापडते, कधी नाही. मग डोमेनला जोडा, एडी डोमेन सर्व्हिसेस रोल टाका आणि अस्तित्वात असलेल्या डोमेनमध्ये कंट्रोलर जोडण्याचा पर्याय घ्या. डीएनएस आणि ग्लोबल कॅटलॉग दोन्ही खुणा राहू द्या. स्कीमा वाढवण्याचे काम विझार्ड स्वतः करतो, पण त्यासाठी खाते स्कीमा ॲडमिन्स आणि एंटरप्राइज ॲडमिन्स या दोन्ही गटांत हवे. काम झाले की त्यातून बाहेर काढा. डीएनएस डेलिगेशन तयार करता येत नाही, अशी पिवळी सूचना येते. ऑफिसच्या अंतर्गत डोमेनला तिचा अर्थ नाही, पुढे जा.

रिस्टार्टनंतर नेट शेअर कमांडने सिसव्हॉल आणि नेटलॉगॉन दिसतात का ते पाहा. डीएफएस रेप्लिकेशन लॉगमध्ये 4604 आला म्हणजे पहिली प्रत पूर्ण झाली. लहान डोमेनला हे काही मिनिटांचे काम आहे. अर्ध्या तासात आला नाही तर वाट पाहण्यात अर्थ नाही, वर सांगितलेली जुन्याची तपासणी करा.

फिजमो रोल हलवणे हे मात्र नावाइतके अवघड नाही. पॉवरशेलची एकच ओळ पाचही रोल नेते, त्यात 0 ते 4 हे आकडे अनुक्रमे पीडीसी एम्युलेटर, रिड, इन्फ्रास्ट्रक्चर, स्कीमा आणि डोमेन नेमिंगचे. जुना जिवंत असताना 'सीझ' (रोल जबरदस्तीने घेणे) कधीही वापरू नका. सीझ केलेला जुना सर्व्हर पुन्हा नेटवर्कवर आणायचा नसतो.

वेळ

पीडीसी एम्युलेटर हलला की डोमेनचे घड्याळही हलते, आणि ही पायरी विसरली जाते. नव्या सर्व्हरवर वेळेचा स्रोत विचारल्यावर 'लोकल सीमॉस क्लॉक' असे उत्तर आले तर सगळे डोमेन एका मदरबोर्डवरच्या घड्याळावर चालले आहे. केरबेरॉस 5 मिनिटांपर्यंतचा फरक चालवून घेतो, त्यापुढे लॉगिन नाकारतो. भारतात 28 एप्रिल 2022 च्या सर्ट-इनच्या (सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या) निर्देशांनुसार घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीच्या टाइम सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी जुळणाऱ्या सर्व्हरशी जुळवायची आहेत. डब्ल्यू32टीएम या वेळेच्या कमांडमध्ये एनआयसीचे समय1 आणि समय2 हे दोन्ही द्या आणि फायरवॉलवर यूडीपी 123 बाहेर जाऊ द्या. जुन्याला डोमेनकडून वेळ घ्यायला सांगा, नाहीतर दोघेही स्वतःला प्रमाण मानत राहतील. कंट्रोलर हायपर-व्हीवर (विंडोजच्या व्हर्च्युअल मशीन सोयीवर) असेल तर त्या व्हीएमचे होस्टकडून वेळ घेणे बंद करा. त्याच निर्देशांत लॉग 180 दिवस ठेवायलाही सांगितले आहे. म्हणून सिक्युरिटी लॉगचा आकार आत्ताच वाढवा आणि तो बाहेर साठवण्याची सोय करा, मुळात असतो तेवढा आकार काही दिवसांतच भरतो.

डीएनएस, डीएचसीपी आणि विसरलेली यंत्रे

एडीत साठवलेले डीएनएस झोन आपोआप येतात. फॉरवर्डर (बाहेरची नावे ज्यांना विचारायची ते पत्ते) येत नाहीत, ते प्रत्येक सर्व्हरचे आपापले असतात. प्रमोशनच्या वेळी कार्डावरचा डीएनएस पत्ता, म्हणजे जुन्याच सर्व्हरचा आयपी, नव्याच्या फॉरवर्डरमध्ये जाऊन बसतो. जुना बंद झाल्यावर इंटरनेट 'स्लो' झाल्याची तक्रार येते ती इथून. ती यादी हाताने दुरुस्त करा. डीएचसीपी पॉवरशेलने लीजसकट (वाटलेल्या आयपींच्या नोंदींसकट) एक्स्पोर्ट-इम्पोर्ट होतो. नव्याला एडीत ऑथराइझ करा, जुन्याची सर्व्हिस बंद करा आणि स्कोपमधल्या 006 पर्यायात (डीएनएस सर्व्हरचा पत्ता) नवा आयपी घाला.

हाताने आयपी दिलेली यंत्रे मात्र कुठल्याही विझार्डला दिसत नाहीत. प्रिंटर, हजेरीचे बायोमेट्रिक मशीन, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, एनएएस, फायरवॉलचे युजर-लॉगिन, व्हीपीएन. ती शोधण्याचा उत्तम मार्ग म्हणजे जुन्या सर्व्हरवर डीएनएसचे डिबग लॉगिंग दोन दिवस चालू ठेवणे. जो आयपी अजून जुन्याला विचारतो, तो लॉगमध्ये दिसतो. एलडॅपसाठी डिरेक्टरी सर्व्हिसच्या डायग्नॉस्टिक्समध्ये एलडॅप इंटरफेस इव्हेंट्सची पातळी 2 करा. 2889 हा इव्हेंट साइनिंगशिवाय किंवा उघड्या पासवर्डने जोडणाऱ्या प्रत्येक यंत्राचा आयपी सांगतो. 2025 वर जाणाऱ्यांसाठी ही तपासणी सक्तीची समजा. 2022 वाल्यांनीही करावी, पुढच्या खेपेला तीच यादी लागणार आहे.

आणखी एक जुनी खोड: स्कॅनर 'स्कॅन टू फोल्डर' एसएमबी1 या फाइल शेअरिंगच्या जुन्या पद्धतीवर करत असतो. नव्या सर्व्हरवर एसएमबी1 मुळातच नसतो. तो परत बसवू नका, डोमेन कंट्रोलरवर तर मुळीच नाही. स्कॅनरचे फर्मवेअर बदला, किंवा त्याला ई-मेलवर वळवा.

जुन्याला निरोप

लगेच डिमोट करू नका. दोन-तीन कामाचे दिवस जुना फक्त बंद करून ठेवा. मात्र 'लॉगिन होतंय' ही खात्री पुरेशी नाही, विंडोज साठवलेल्या पासवर्डवर कंट्रोलरशिवायही लॉगिन देते. एनएलटेस्ट कमांडला डोमेनचा कंट्रोलर विचारा, नव्याचे नाव यायला हवे. एका युजरचा पासवर्ड बदलून पाहा, ग्रुप पॉलिसी ताजी करून पाहा, लॉगिन स्क्रिप्टमध्ये जुन्या सर्व्हरचे नाव थेट लिहिले आहे का तेही तपासा. ड्राइव्ह मॅपिंग तिथेच तुटते. ही बंद अवस्था महिनोन्‌महिने लांबवू नका. जुना टूम्बस्टोनच्या (पुसलेल्या नोंदींच्या खुणा जपण्याच्या) मुदतीत परत चालू व्हायला हवा, आणि ती सहसा 180 दिवस असते आणि फार जुन्या डोमेनमध्ये 60 सुद्धा असू शकते.

मग जुना चालू करा, रेप्लिकेशन होऊ द्या आणि डिमोट करा. त्यावर सर्टिफिकेट ऑथॉरिटी (सीए, डिजिटल प्रमाणपत्रे देणारी सेवा) बसवलेली असेल तर विझार्ड अडवतो. आधी सीएचा डेटाबेस, खासगी की आणि रजिस्ट्रीतली कॉन्फिगरेशन यांचा बॅकअप घेऊन सीए दुसरीकडे उभा करा. वायफायला एनपीएस (वायफायचे लॉगिन तपासणारी सेवा) वापरत असाल तर तोही यादीत धरा. विझार्डमध्ये 'हा डोमेनमधला शेवटचा डोमेन कंट्रोलर आहे' ही खूण कधीही करू नका. ती खूण डोमेनच पुसण्यासाठी आहे.

जुना दगावलेलाच असेल तर युजर्स अँड कॉम्प्युटर्समधून त्याचे ऑब्जेक्ट काढा, मेटाडेटा त्याबरोबर साफ होतो. साइट्स अँड सर्व्हिसेसमधले रिकामे नाव आणि डीएनएसमधल्या जुन्या नेम सर्व्हरच्या नोंदी मात्र स्वतः पाहून काढाव्या लागतात, त्यातही अंडरस्कोर एमएसडीसीएस हा झोन विसरू नका.

ज्या यंत्रांचा पत्ता बदलता येत नाही त्यांच्यासाठी नव्या सर्व्हरला जुन्याचा आयपी देता येतो. डिमोशननंतर, ऑफिस सुटल्यावर आयपी बदला, डीएनएस नोंदणी पुन्हा करा, नेटलॉगॉन सर्व्हिस रिस्टार्ट करा आणि डीसीडायग पुन्हा चालवा. डीएचसीपीचा 006 पर्यायही त्याच वेळी जुन्या आयपीवर परत न्या, नाहीतर सकाळी प्रत्येक कॉम्प्युटर आता अस्तित्वातच नसलेल्या पत्त्याकडे डीएनएस विचारत बसेल.